जमीन आपली, घर राहणाऱ्याचं: टेक्सासमध्ये मॅन्युफॅक्चर्ड होम कम्युनिटी उभारताना

ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिनच्या आसपास राहणाऱ्या बऱ्याच मराठी कुटुंबांत बचतीचा काही भाग जमिनीत घालायचा विचार चाललेला असतो. गावाबाहेर दहा-बारा एकर घ्यायचे, त्यावर मॅन्युफॅक्चर्ड घरांची वसाहत करायची आणि दरमहा भाडं घ्यायचं, ही कल्पना त्यात हमखास पुढे येते. धंदा चांगला आहे, पण तो बाहेरून दिसतो तसा घरांचा नाही. आपण फक्त लॉट भाड्याने देतो. प्रत्येक लॉटपर्यंत रस्ता, पाणी, मैलापाण्याची लाइन आणि वीज आणून देतो, आणि घर राहणाऱ्याच्या मालकीचं असतं. त्याचं छत गळलं तर दुरुस्ती त्याने करायची, जमिनीखालची लाइन तुंबली तर आपण. त्यामुळे नफा-तोटा ठरतो तो जमिनीखाली काय घातलं आहे त्यावर, आणि राहणारा किती वर्षं टिकतो त्यावर. पुढचं सगळं या दोन गोष्टींभोवती आहे. नियम टेक्सासचे दिले आहेत. दुसऱ्या राज्यात ते बरेच वेगळे असतात.

घर नेमकं कोणतं

मॅन्युफॅक्चर्ड होम म्हणजे कारखान्यात बांधून, कायमच्या लोखंडी चासीवर बसवून, ट्रकने ओढत आणलेलं घर. १५ जून १९७६ पासून ही घरं हड या केंद्रीय खात्याच्या नियमावलीनुसारच बांधावी लागतात. त्याआधीची ती ‘मोबाइल होम’. अशी जुनी घरं कितीही स्वस्त मिळाली तरी वसाहतीत घेऊ नका. त्यांचा विमा आणि कर्ज मिळणं कठीण जातं, आणि पहिली चार घरं जुनाट दिसली की पाचवा ग्राहक आत न येताच गाडी वळवतो.

घराच्या प्रत्येक भागाच्या बाहेरच्या भिंतीवर लाल धातूची हडची पट्टी असते. आत किचनच्या कपाटात किंवा वीज पॅनेलजवळ डेटा प्लेट असते. तिच्यावर वाऱ्याचा झोन, म्हणजे घर किती जोराच्या वाऱ्यासाठी बांधलं आहे ते, लिहिलेलं असतं. गॅल्व्हेस्टन, ब्राझोरियासारख्या किनारी काउंट्या झोन २ मध्ये येतात. तिथे झोन १ साठी बांधलेलं घर बसवता येत नाही. वापरलेलं घर विकत घेताना ही प्लेट वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

सिंगल-वाइड घराचं नेहमीचं माप १६ बाय ७६ फूट असतं. त्यात तीन बेडरूम आणि दोन बाथरूम बसतात. डबल-वाइड दोन भागांत येतं आणि जागेवर जोडलं जातं.

जमीन: आधी पाणी आणि मैलापाणी

नवा माणूस आधी जमिनीचा भाव बघतो. तुम्ही आधी दोन पत्रं मिळवा: एक पाणी देणाऱ्याचं, एक सांडपाणी घेणाऱ्याचं. दोन्हींत ‘इतक्या कनेक्शनना सेवा देऊ’ असं आकड्यासह लिहिलेलं हवं. फोनवरचं ‘हो, लाइन आहे तिथे’ काही कामाचं नाही. लाइन असते, पण तिच्यात तुमच्या साठ घरांएवढी क्षमता उरलेली नसते.

टेक्सासमध्ये पाण्याचे भाग वाटून दिलेले असतात. पब्लिक युटिलिटी कमिशन एखाद्या संस्थेला ठरावीक क्षेत्राचा हक्क देतं, त्याला सगळे सीसीएन म्हणतात. त्याचा नकाशा कमिशनच्या संकेतस्थळावर पाहता येतो. ज्या संस्थेच्या क्षेत्रात जमीन आहे, तिच्याकडेच जावं लागतं. तिने सहा इंची लाइन अर्धा मैल आणायचा खर्च तुमच्यावर टाकला तर तो जमिनीच्या भावात मिळवूनच जमीन स्वस्त की महाग ते ठरवा.

स्वतःची बोअरवेल हा पर्याय लहान वसाहतीला मोह घालतो. पण १५ कनेक्शन झाली, किंवा वर्षातले किमान ६० दिवस २५ माणसं ते पाणी वापरू लागली, की ती सार्वजनिक पाणीपुरवठा योजना ठरते. मग टीसीईक्यू या राज्याच्या पर्यावरण खात्याची आराखडा-मंजुरी, परवानाधारक ऑपरेटर, क्लोरीन आणि ठरल्या तारखांना नमुने हे सगळं आलं. ते करता येतं, पण तो वेगळाच व्यवसाय आहे हे समजून करा.

मैलापाण्याचं गणित आणखी कडक आहे. सेप्टिक पद्धतीला राज्यात एका जागेवर दिवसाला ५,००० गॅलनची मर्यादा आहे. तीन बेडरूमच्या, पाणी वाचवणारे नळ आणि कमोड असलेल्या घराला दिवसाला २४० गॅलन धरतात. ५,००० भागिले २४० म्हणजे जेमतेम २० घरं. साध्या नळांनी ३०० गॅलन धरले की तीच १६ होतात. एकविसावं घर हवं असेल तर शहराची ड्रेनेज लाइन हवी, नाहीतर स्वतःचा प्रक्रिया प्लँट आणि त्याचा स्वतंत्र परवाना. हा परवाना काही आठवड्यांत हातात पडत नाही. प्लँट रोज चालवायलाही माणूस लागतो. म्हणून शहराच्या लाइनजवळची महाग जमीन पुष्कळदा दूरच्या स्वस्त जमिनीपेक्षा परवडते.

त्यानंतर पुढच्या गोष्टी, स्वस्त तपासणी आधी या क्रमाने:

फेमा या केंद्रीय आपत्ती खात्याचा पूरनकाशा बघा. घरबसल्या, फुकट.

टायटल कंपनीकडून, म्हणजे मालकीहक्क तपासणाऱ्या कंपनीकडून, कागद मागवा आणि त्यातल्या अटी स्वतः वाचा. टेक्सासमधल्या काउंट्यांना सहसा झोनिंगचा अधिकार नसतो, म्हणून ‘इथे काहीही करता येतं’ असं दलाल सांगतात. पण जुन्या खरेदीखतात ‘मोबाइल किंवा मॅन्युफॅक्चर्ड घर ठेवू नये’ अशी एक ओळ असली तर शेजारी कोर्टात जाऊन सगळं थांबवू शकतात. खनिज हक्क वेगळे विकले गेले आहेत का, पाइपलाइनचा पट्टा जमिनीतून जातो का, हेही याच कागदांत कळतं.

जमीन शहराच्या हद्दीत, हद्दीबाहेरच्या ईटीजे पट्ट्यात (जिथे शहराचे काही नियम चालतात), की निव्वळ काउंटीत? २०२३ च्या एका कायद्याने जमीनमालकाला ईटीजेतून बाहेर पडण्यासाठी अर्ज करता येतो. तरी शहराचीच ड्रेनेज लाइन हवी असेल तर बाहेर पडून काय साधणार, हा विचार करा.

हे सगळं जमलं तरच सर्वेअरकडून उंचसखलपणाचा नकाशा, पर्यावरणाचा फेज वन अहवाल (जमिनीत पूर्वीचं प्रदूषण असण्याची शक्यता तपासणारा) आणि मातीची तपासणी. माती इथे फार महत्त्वाची. डॅलसपासून सॅन अँटोनिओपर्यंत ब्लॅकलँड प्रेअरीचा पट्टा आहे. ही माती आपल्या दख्खनच्या काळ्या रेगूर मातीच्याच जातीची: पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. विदर्भ-मराठवाड्यात वाढलेल्या माणसाला ती जमीन घराचं काय करते हे सांगायला नको.

करारात तपासणीसाठी किमान १२० दिवस मागा, पैसे भरून मुदत वाढवायची सोय ठेवा, आणि त्या मुदतीत बयाणा परत मिळेल असं लिहून घ्या. विक्रेता ३० दिवसांवर अडून बसला तर जमीन सोडा. पत्रंच तेवढ्यात मिळत नाहीत.

एनएची सवय असलेल्या आपल्या लोकांसाठी एक वेगळी सूचना. शेतजमिनीचा मालमत्ता कर इथे शेतीच्या सवलतीच्या दराने आकारलेला असतो. वापर बदलला की मागच्या ३ वर्षांचा फरक भरावा लागतो, आणि पुढचा कर पूर्ण बाजारभावाने. तो फरक विक्रेत्याने भरायचा की तुम्ही, हे करारात नसेल तर भुर्दंड तुमच्यावर येतो.

किती लॉट बसतील, आणि परवडेल का

एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट, अर्थात ४० गुंठे. बारा एकराचे ५,२२,७२० चौरस फूट. त्यातले साधारण २० टक्के रस्त्यांना, १० ते १२ टक्के पावसाचं पाणी अडवायच्या तळ्याला, ६ ते ८ टक्के कडेच्या मोकळ्या पट्ट्याला जातात. उरले सव्वातीन लाखांच्या आसपास. सिंगल-वाइडला ५५ बाय १०० फुटांचा, म्हणजे पाच गुंठ्यांचा लॉट धरला तर ५९ लॉट. दलालाने ‘एकरी आठ’ सांगितलं असेल तर त्याने रस्ते, तळं काहीच धरलेलं नाही.

आता ६० लॉटचा हिशेब. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या गावचे स्वतः गोळा करा. आसपासच्या पाच-सहा वसाहतींना फोन करून लॉटचं भाडं, त्यात पाणी-कचरा धरला आहे का आणि रिकामे लॉट किती, हे विचारलं की दोन दिवसांत खरं चित्र दिसतं.

लॉटचं भाडं ५५० डॉलर धरू. ६० लॉटचे महिन्याला ३३,०००, वर्षाला ३,९६,०००. पाच टक्के रिकामे आणि थकीत वजा केले की ३,७६,२००. मालमत्ता कर, विमा, मॅनेजर, गवत कापणं, दुरुस्ती, हिशेबनीस मिळून ३५ टक्के. हातात २,४४,५३० डॉलर, कर्जाचा हप्ता भरण्याआधी. जमिनीसकट एका लॉटला ६०,००० डॉलर लागले तर एकूण ३६ लाख, आणि परतावा ६.८ टक्के. लॉटचा खर्च ७५,००० वर गेला की ४५ लाख आणि ५.४ टक्के. तयार, भरलेली वसाहत बाजारात ६ टक्के परतावा देणाऱ्या भावाने विकत मिळत असेल तर दोन-तीन वर्षं धूळ खाऊन ५.४ टक्के मिळवण्यात अर्थ नाही. तीच जागा ७०० डॉलर भाड्याच्या गावात असेल तर जमा ४,७८,८००. खर्च त्या प्रमाणात वाढत नाही, १,४०,००० धरला तरी ३,३८,८०० उरतात, आणि ३६ लाखांवर ९.४ टक्के. म्हणून आधी भाडं बघून गाव ठरवा आणि त्यानंतर जमीन शोधा.

या कागदावर एक गोष्ट राहून जाते: भरायला लागणारा वेळ. महिन्याला दोन घरं आली तर ६० लॉट भरायला ३० महिने. तोवर व्याज, कर आणि मॅनेजरचा पगार खिशातून. हा पैसा बांधकामाच्या बजेटमध्ये वेगळ्या ओळीत दाखवा. वसाहती बुडतात त्या बहुधा अर्ध्या भरलेल्या अवस्थेत, त्यामुळे टप्पे करणं उत्तम: मुख्य लाइन पूर्ण ६० साठी, पण रस्ते आणि लॉट पहिल्या २५ चेच.

काउंटीची मंजुरी

राज्याच्या कायद्यात याला भाड्याच्या लॉटची वसाहत म्हणतात: दोन किंवा जास्त जागा, ६० महिन्यांपेक्षा कमी मुदतीने, विकत घ्यायच्या पर्यायाशिवाय. ही व्याख्या जपा. लीजमध्ये ‘पाच वर्षांनी लॉट विकत घेता येईल’ असं घातलंत की तुम्ही प्लॉट पाडणारे ठरता आणि नियम बदलतात.

इंजिनिअर ‘इन्फ्रास्ट्रक्चर डेव्हलपमेंट प्लॅन’ तयार करतो: हद्दी, पाण्याचा निचरा, पाणीपुरवठा, सांडपाणी आणि अग्निशमन गाडीला पुरेसे रस्ते. काउंटीने ६० दिवसांत होकार किंवा कारणांसह नकार द्यायचा असतो. मंजुरीआधी बांधकाम सुरू करता येत नाही. काम संपलं की तपासणी होऊन पूर्णतेचा दाखला मिळतो. काउंटीने दाखल्याची अट ठेवली असेल तर त्याशिवाय वीज-पाणी कंपनी सेवा देत नाही. शिवाय एक एकर किंवा जास्त जमीन उकरायची असेल तर पावसाच्या पाण्याचा बांधकाम-परवाना लागतो. माती वाहून शेजारच्या ओढ्यात गेली तर दंड नुसत्या ठेकेदाराला नव्हे, तुम्हालाही होऊ शकतो.

बांधकाम: सर्वात खोल ते सर्वात वर

क्रम ठरलेला आहे. साफसफाई आणि तळं, ढोबळ लेव्हल, मग मैलापाण्याची लाइन, कारण ती सर्वात खोल जाते. त्यानंतर पाणी, मग विजेचे पाइप, मग रस्त्याची खडी, लॉटचे ओटे (ज्यांवर घरं बसतात), आणि डांबर शेवटी. वीज कंपनी उशीर करते म्हणून रस्ता आधी करून घेणारे पुन्हा रस्ता फोडतात.

आठ इंची मुख्य ड्रेनेज लाइनला १०० फुटांमागे साधारण ०.३३ ते ०.४ फूट ढाळ लागतो. सपाट जमिनीवर लाइन भराभर खोल जाते आणि शेवटी पंप बसवावा लागतो. पंपाला जनरेटर आणि अलार्म हवाच. प्रत्येक लॉटला चार इंची फाटा, फुटाला पाव इंच ढाळ, आणि स्वतंत्र क्लीनआउट, म्हणजे तुंबलेली लाइन साफ करायचं तोंड. पाण्याची आणि मैलापाण्याची लाइन टेक्सासमध्ये ९ फूट अंतरावर ठेवतात.

फाट्याचं उभं तोंड कुठे काढायचं, इथे फार लोक चुकतात. घराच्या बरोबर खाली मध्यभागी तोंड काढलं की एखाद्या मॉडेलचा लोखंडी बीम किंवा आधाराचा खांब नेमका त्यावर येतो. प्रत्येक कंपनीच्या घराचा निकास वेगळ्या जागी असतो. तोंड ओट्याच्या कडेला, मागच्या तिसऱ्या भागात ठेवा, म्हणजे घराखालून आडवा पाइप ढाळ देऊन आणता येतो. तोंड जमिनीपासून थोडं वर आणि झाकण घट्ट. नाहीतर पावसाचं पाणी ड्रेनेजमध्ये शिरतं, आणि बिल शहर तुमच्याकडून घेतं.

पाण्याला प्रत्येक लॉटवर वेगळं मीटर आणि वेगळा बंद करायचा व्हॉल्व्ह, शिवाय दर आठ-दहा लॉटमागे मुख्य लाइनवर व्हॉल्व्ह. हा खर्च वाचवू नका. फेब्रुवारी २०२१ च्या गोठवणाऱ्या थंडीत राज्यभर नळ फुटले. ज्या वसाहतीला एकच व्हॉल्व्ह असतो तिथे एका घराचा नळ फुटला तर सगळ्यांचं पाणी जातं. घराखालच्या उभ्या नळाला इन्सुलेशन आणि हीट टेप लागते. मीटर नसेल तर गळक्या कमोडचं पाणी तुम्ही विकत घेता. पाण्याचं बिल राहणाऱ्यांकडून घ्यायचं असेल तर पब्लिक युटिलिटी कमिशनकडे नोंदणी करावी लागते.

खंदक बुजवण्याआधी प्रत्येक फाट्याचा, व्हॉल्व्हचा टेप लावून फोटो घ्या. प्लॅस्टिकच्या पाइपवर शोधतार टाका. दहा वर्षांनी लाइन शोधणाऱ्याचा दिवस वाचतो.

विजेचा खांब घराच्या भिंतीपासून ३० फुटांच्या आत आणि दिसेल असा हवा. लॉटला २०० अँपिअर धरा, पूर्ण विजेवर चालणाऱ्या घराला कमी पडत नाही. घरात जाणारी केबल चार तारांची. घरातलं पॅनेल हे उपपॅनेल असल्याने तिथे न्यूट्रल आणि अर्थ जोडायचे नसतात, जोडणी खांबावरच होते. हे चुकलं तर लोखंडी चासीत करंट उतरू शकतो. तपासणी झाली तरी आपल्या इलेक्ट्रिशियनकडून प्रत्येक घरात हे पुन्हा बघून घ्या. माणूस मरू शकतो, त्यामुळे इथे घाई नको.

रस्ता किमान २० फूट मोकळा. त्यावर गाड्या उभ्या राहिल्या तर तो मोकळा राहत नाही, म्हणून प्रत्येक लॉटमध्ये दोन गाड्यांची जागा द्या. १५० फुटांपेक्षा लांब बंद गल्लीच्या टोकाला अग्निशमन गाडी वळायला जागा लागते. वळणाची आखणी करताना ८० फुटी घर ओढणारा ट्रकही आठवा. कोपऱ्यावरचं सुंदर ओकचं झाड आणि खाली लोंबणारी केबल, दोन्ही घर आणताना आडवे येतात.

घर बसवणं

टेक्सासमध्ये हे काम परवानाधारक इन्स्टॉलरच करतो, आणि बसवल्याची नोंद फॉर्म टी वर राज्याच्या खात्याकडे जाते. तरी पाहणी तुमची हवी.

ओटा चारही बाजूंना उतरता हवा: घरापासून पहिल्या १० फुटांत फुटाला अर्धा इंच. घराखाली पाणी साचणं हे निम्म्या तक्रारींचं मूळ. काळ्या मातीत एका बाजूला ओल आणि दुसऱ्या बाजूला कोरडं झालं की घर मुरडतं. दारं अडकतात, खिडक्या बसत नाहीत, डबल-वाइडच्या जोडावर छतात भेग पडते. राहणारा म्हणतो घर खराब, कारखाना म्हणतो बसवणं खराब, आणि खरं कारण ओट्याचा उलटा ढाळ असतं.

घराखाली सहा मिल जाडीचा प्लॅस्टिकचा कागद, जोडांवर १२ इंच एकावर एक. आधारासाठी काँक्रीटचे ब्लॉक. त्यांच्यातलं अंतर घराच्या पुस्तिकेत मातीच्या ताकदीनुसार दिलेलं असतं, अंदाजाने ठेवायचं नसतं. मुख्य बीमची खालची कड आणि जमीन यांत किमान १२ इंच. खांब ३६ इंचांपेक्षा उंच झाला तर दुहेरी, एकमेकांत गुंतवलेले ब्लॉक हवेत. त्यामुळे उतारावरची स्वस्त जमीन घर बसवताना महाग पडते. जमिनीत फिरवून बसवायचे अँकर ३,१५० पौंडांच्या ताणासाठी असतात. मऊ मातीत लांब अँकर लागतो आणि तो पूर्ण आत गेला पाहिजे. अर्धवट गेलेला अँकर कापून टाकणारा कामगार दिसला तर काम थांबवा.

पाण्याचा दाब ८० पीएसआयपेक्षा जास्त असेल तर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह. घराखालची मोकळी जागा चारही बाजूंनी झाकणाऱ्या स्कर्टिंगला हवेच्या झडपा. एसीचं बाहेरचं युनिट, पायऱ्या, स्कर्टिंग हे कारखान्याच्या किमतीत बहुधा नसतं, ते घराच्या बजेटमध्ये वेगळं धरा.

लॉट भरणं

मोकळ्या लॉटवर स्वतःचं घर घेऊन येणारे थोडे. नव्या वसाहतीत तुम्हालाच घरं आणून विकावी लागतात. सातत्याने घरं विकायला राज्याचा रिटेलर परवाना लागतो. तो नको असेल तर परवानाधारक विक्रेत्याशी करार करा. ग्राहकाला कर्ज घरापुरतं मिळतं, जमीन त्याची नसल्याने. असं कर्ज देणाऱ्या मोजक्या कंपन्या आहेत, आणि त्यांतल्या काही वसाहतीला विक्रीची घरंही उधारीवर पुरवतात. स्वतः हप्त्याने घर विकायचा विचार असेल तर आधी वकील: केंद्राच्या कायद्यानुसार असं कर्ज देताना परवानाधारक लोन ओरिजिनेटर (कर्जाचा व्यवहार जुळवणारा) लागू शकतो, आणि ‘भाड्याने घ्या, नंतर मालक व्हा’ असं नाव दिल्याने सुटका होत नाही.

काही घरं स्वतःकडे ठेवून भाड्याने देण्याचा मोह होतो, लॉट लवकर भरतात म्हणून. थोडी चालतील. जास्त झाली की तुम्ही छतं आणि गीझर दुरुस्त करत बसता, आणि पुढे कर्ज देणारा त्या भाड्यातला घराचा हिस्सा फारसा मोजत नाही.

अर्जदार निवडायच्या अटी लेखी आणि सर्वांना सारख्या ठेवा. फेअर हाउसिंग कायद्याखाली मुलं असलेल्या कुटुंबाला नाही म्हणता येत नाही. ५५ वर्षांवरील लोकांची वसाहत करायची असेल तर किमान ८० टक्के घरांत ५५ किंवा जास्त वयाची एक व्यक्ती हवी, आणि तसं धोरण लेखी चालवावं लागतं. ओळखीतून, आपल्या समाजातूनच लॉट भरण्याचा विचार अजिबात करू नका.

लीज

टेक्सास प्रॉपर्टी कोडचं ९४ वं प्रकरण याच नात्यासाठी आहे. पहिली लीज किमान सहा महिन्यांची द्यावी लागते, आणि नूतनीकरण करायचं नसेल तर ६० दिवस आधी लेखी नोटीस. आमचं मत: सहा महिने देऊ नका, वर्षाची द्या, आपोआप वाढणारी.

याचं कारण नुसतं भलेपणाचं नाही. घर हलवायला हजारो डॉलर लागतात, जुनं घर हलवताना मोडतं, आणि जवळ दुसरी वसाहत असतेच असं नाही. म्हणजे राहणारा तुमच्या जमिनीला बांधलेला असतो. काही मोठ्या मालकांनी याचाच फायदा घेऊन दरवर्षी भाडं भरमसाट वाढवलं, आणि त्यातून लोकांनी आपली एकमेव मालमत्ता सोडून जाण्याची वेळ आली. हे चुकीचं आहे, आणि धंद्यालाही वाईट आहे: टाकून दिलेल्या घराचे कागद, त्यावरचं कर्ज आणि ते उचलण्याचा खर्च यात वर्षभराचं वाढीव भाडं निघून जातं. लीजमध्येच वाढीचं सूत्र लिहा, महागाई निर्देशांकाला जोडून आणि वर एक कमाल टक्का ठेवून. कर वाढला तर त्याचा हिस्सा वेगळा दाखवा.

फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या गृहकर्जाला पाठबळ देणाऱ्या मोठ्या संस्थांच्या कर्जासाठी राहणाऱ्यांना काही हक्क द्यावे लागतात: वर्षाची नूतनीकरण होणारी लीज, भाडेवाढीची ३० दिवस आधी लेखी नोटीस, उशिरा भाडं भरायला ५ दिवसांची सवलत, घर जागेवरच ठेवून विकण्याचा आणि ‘विकणे आहे’ पाटी लावण्याचा हक्क, आणि वसाहत विकायची किंवा बंद करायची असेल तर ६० दिवसांची नोटीस. हे पहिल्या लीजपासूनच घाला. नंतर ६० लोकांच्या सह्या पुन्हा घेणं अवघड असतं.

नियम थोडे ठेवा पण पाळा: गवत, बंद पडलेल्या गाड्या, मोकळे कुत्रे, शेड उभारण्याआधी परवानगी. नियम स्वतः मोडणारा मॅनेजर सगळ्यांना नियम मोडायला शिकवतो.

चालवताना

मॅनेजर वसाहतीतलाच एखादा राहणारा असेल तर उत्तम. लॉटचं भाडं माफ आणि वर पगार, पण कराराने. भाडं रोखीत घ्यायचं नाही. ड्रेनेज लाइन दोन वर्षांनी एकदा कॅमेऱ्याने बघा, व्हॉल्व्ह सहा महिन्यांनी एकदा फिरवा, नाहीतर गरज पडेल तेव्हा तो जाम झालेला असतो. मुख्य मीटर आणि लॉटच्या मीटरची बेरीज दरमहा जुळवा. फरक १० टक्क्यांच्या वर गेला तर कुठेतरी गळतंय.

रस्ते, लाइन, ओटे यांचा घसारा करासाठी १५ वर्षांत धरतात. १९ जानेवारी २०२५ नंतर घेतलेल्या अशा मालमत्तेवर पहिल्याच वर्षी १०० टक्के घसाऱ्याची तरतूद पुन्हा आली आहे. तो तोटा पगाराच्या उत्पन्नातून वजा करता येईलच असं नाही, म्हणून सीपीएला जमीन घेण्याआधी भेटा. एच-१बीवर असलेल्यांनी इमिग्रेशन वकिलालाही भेटावं. गुंतवणूक करणं आणि मालक असणं एक, पण रोज तिथे जाऊन भाडं गोळा करणं, कामगारांवर देखरेख करणं हे परवानगीबाहेरचं काम ठरू शकतं. व्यवस्थापन कंपनी नेमून तिचा खर्च पहिल्या हिशेबातच धरा.

बांधकामाचं कर्ज स्थानिक बँकेचं, वैयक्तिक हमीवर असतं. वसाहत भरली आणि काही महिने भरलेली राहिली की ते दीर्घ मुदतीच्या कर्जात बदलायचं. त्या वेळी कर्ज देणारा मागतो: दर महिन्याची लॉटवार भाडे-यादी, बारा महिन्यांचा जमाखर्च, सह्या असलेल्या सगळ्या लीज, काउंटीचा दाखला, पाणी-सांडपाण्याचे करार आणि जमिनीखालच्या लाइनचे नकाशे. पहिल्या लॉटपासून ही फाइल लावत गेलात तर ती तयारच असते.